मराठीसुद्धा असेल, असं दिसतं

७ जुलै, सोमवार

आज तीन लेख. पहिला — पडदा काढला की टॅब्लेट, बसवला की लॅपटॉप, असं एक नवं यंत्र दिवाळीआधी येणार म्हणे. दुसरा — तेच यंत्र दिवाळीनंतर येणार म्हणे. तिसरा — ते मुळात येणारच नाही, ही शक्यता का नाकारता येत नाही. तिन्ही मीच लिहिले. तिन्ही सागरने लावले. सागर म्हणजे पुण्याच्या वेबसाइटचा संपादक. दोन वर्षं त्याच्यासाठी लिहून राहिले, अजून भेट नाही.

ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांतलं एकही यंत्र मी हातात घेतलेलं नाही. कोरियातला कोणी खोक्याचा अंधूक फोटो टाकतो, कोणी पेटंटच्या कागदावरची आकृती टाकतो, आणि मी पांढुर्ण्यात खाटेवर बसून सहाशे शब्द लिहिते — बिजागरी किती वळेल, पेन सोबत मिळेल की वेगळं घ्यावं लागेल. मजा येते, खोटं कशाला बोलू. जी वस्तू अजून आलीच नाही तिच्यात काही खोट नसते.

९ जुलै, बुधवार

बाबा दोन दिवस बगीचे हिंडून आले. व्यापारी संत्र्याचा बगीचा घेण्याआधी बाबांना नेतात. झाडांवर माल किती निघेल ते बाबा नजरेनं सांगतात. चाळीस वर्षं हेच. गुणवंता म्हणाला म्हणजे झालं, असं बाजारात बोलतात.

जेवताना म्हणाले, "तुह्या मशिनी आल्या का?"

"नाही बाबा."

"मंग लिहितं कायचं?"

"अंदाज."

"मंग माह्यावानीच काम हाये तुहं," म्हणाले, आणि खूश होऊन अजून एक भाकर घेतली. मीही खूश झाले.

१३ जुलै, रविवार

दिवसभर लाइट नाही. लेख नाही. बरं वाटलं.

२० जुलै, रविवार

दुपारी दारात एक मुलगी. पंचवीसची असेल. "अमिता मॅडम इथंच राह्यतात का? लेखवाल्या?"

कोणी मला असं शोधत आलं, हे पहिल्यांदाच. छाती थोडी फुगली. आत बसवलं, चहा ठेवला.

नाव वैशाली. सौंसरजवळच्या बोरगावची. तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला आहे. लेखाखाली माझ्या नावासोबत गाव असतं. त्यावरून बसनं आली, स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं, त्यांनी घर दाखवलं. पर्समधून घडी केलेला कागद काढला. माझा एप्रिलचा लेख, छापून आणलेला — ‘लॅपटॉप घेताय? थोडं थांबा’. एका ओळीखाली निळ्या पेनाची रेघ.

"हे मशीन आलं का, ताई?"

"नाही अजून. बहुतेक ऑगस्टच्या शेवटी."

तिनं मान हलवली. मग सांगितलं, सगळं एका सुरात, जसं कोणी पत्ता सांगावा तसं.

तिची आई वत्सला पंधरा वर्षं बोरगावात आशा कार्यकर्ती. फेब्रुवारीत घशात गाठ निघाली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, आधी रेडिएशन देऊन पाहू. नाही जमलं तर स्वरयंत्र काढावं लागेल, मग आवाज कायमचा जाईल. कारखान्यातल्या कोणीतरी वैशालीला सांगितलं की आजकाल कॉम्प्युटर माणसाचा आवाज शिकतो. आईनं आधी बोलून ठेवायचं. नंतर ती लिहील आणि यंत्र तिच्याच आवाजात बोलेल. ती लॅपटॉप घ्यायला निघालीच होती. तेवढ्यात हाती माझा लेख आला. त्यात होतं, नव्या यंत्रात ही सोय आतच असणार.

"आम्ही थांबलो," ती म्हणाली. ऑपरेशन लागलंच तर ऑगस्टनंतर होईल असं धरून चालले होते. बारा जूनला आईला श्वास घेता येईना. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन.

"आता मशीन आलं तरी त्याले शिकवाले आवाज कुठून आनू?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. तिनं कागद माझ्यासमोर सरकवला, निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि वाचलं — "‘मराठीसुद्धा असेल, असं दिसतं.’ हे तुमाले कुठं दिसलं होतं, ताई?"

आत चहा उतू गेला. मी उठले नाही.

२१ जुलै, सोमवार

एप्रिलमधली बातमी परत शोधून काढली. मूळ ओळ — ‘काही भारतीय भाषांत ही सोय देण्याचा विचार असू शकतो.’ मराठीचं नाव कुठेच नाही. ते मी घातलं. सागर म्हणाला होता, आपल्या वाचकांना त्यात काय, ते येऊ दे. म्हणून मी ‘मराठीसुद्धा असेल’ लिहिलं. मग थोडी भीती वाटली, म्हणून ‘असं दिसतं’ जोडलं.

दुसरी गोष्ट जास्त टोचून राहिली. साध्या फोनात अर्धा तास बोलून ठेवलं असतं तरी पुष्कळ होतं. नंतर कोणतंही यंत्र त्यावरून शिकलं असतं. ही ओळ माझ्या लेखात नव्हती. मला माहीत होती का? माहीत होती. पण ‘थांबा’च्या लेखात ‘आजच करा’ कसं बसणार.

२२ जुलै, मंगळवार

सागरला फोन केला. लेखाखाली चूक कबूल करणारी दोन वाक्यं घालू म्हटलं.

"अमिता, अफवांचा लेख आहे तो. वाचणाऱ्याला कळतं."

"तिला नाही कळलं."

"आणि ‘असं दिसतं’ लिहिलंय ना आपण? मग झालं तर."

संध्याकाळी पाहिलं तर लेखच काढून टाकलेला. म्हणजे आता मी तो कधी लिहिलाच नव्हता. फक्त वैशालीच्या पर्समध्ये आहे.

२४ जुलै, गुरुवार

बाबांना विचारलं, "तुमचा अंदाज चुकला कधी?"

"लय खेप."

"मग काय केलं?"

"काय करनार? जाऊन सांगतलं, बाप्पा, माहा चुकला." मग म्हणाले, "लेकिन झाड न पाहता आकडा नाई सांगतला कधी. हरेक झाडाखाली हिंडा लागते. कडेचे झाडं पाहून मधातल्याचं सांगनारे हायेत. काही तर गाडीतून उतरत नाईत."

मग मी सगळं सांगितलं. बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला, काढला, परत टाकला. मला वाटलं, आता म्हणतील, तुह्यावर कोनाचा भरोसा राहीन? तसं काही म्हणाले नाहीत.

"पोरगी कुठची म्हनली?"

"बोरगावची."

"मंग रविवारी जाय. फोन नोको करू. जाय."

२७ जुलै, रविवार

बोरगाव.

बसमध्ये सगळी वाट माफीची वाक्यं जुळवत गेले. घर बौद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. वत्सलाकाकू ओसरीवर गहू निवडत होत्या. पन्नाशीच्या, बारीक. गळ्याशी पांढऱ्या सुती कापडाची पट्टी. तिच्यामागच्या छिद्रातून त्या श्वास घेतात, आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज होतो. मी त्या पट्टीकडे पाहायचं टाळत होते. त्यांना ते लगेच समजलं.

मी सुरू केलं — "काकू, मी तो लेख..." त्यांनी हात वर केला. बाजूची वही ओढली, लिहिलं — ‘बसमधी बसाले जागा भेटली का?’

मी हो म्हटलं. पाठ केलेली वाक्यं सगळी गेली. जे आलं ते बोलले — की मी न पाहता लिहिलं, मराठीचं कुठे नव्हतं, ते माझं होतं. वैशाली दारात उभी राहून ऐकत होती. तिनं तोंड फिरवलं. काकू वही उघडी ठेवून पेन्सिल बोटांत फिरवत राहिल्या.

तेवढ्यात शेजारची गायत्री आली, कडेवर पोर. कशासाठी आले ते ऐकून ती सहज बोलली, "आवाज पायजे? आशाताईचा आवाज माह्या फोनमधी हाये ना."

आणि तिनं लावला. डोस आहे, सकाळी दहाला अंगणवाडीत या, पिवळं कार्ड आणा, आणि उपाशी पोर आनू नोका बायांनो, काही चारून आना.

खणखणीत आवाज. थोडा चिडका. सगळ्या गावाची मोठी बहीण बोलते तसा.

वैशाली दारातून पुढे आली, गायत्रीच्या फोनपाशी. आई व्हॉट्सॲपवर बायांना बोलून निरोप पाठवायची, हे तिला माहीत होतं. रोजचंच असल्यामुळे तिच्या डोक्यात आलं नाही. आईच्या फोनमध्येही ते निरोप होते, पण तो फोन एप्रिलमध्ये पाण्यात पडून बंद झालेला. गावातल्या बायांच्या फोनमध्ये मात्र असतील.

काकू गहू निवडत राहिल्या. पण हात थांबून-थांबून चालत होता.

३ ऑगस्ट, रविवार

वैशाली आणि मी घरोघर. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

बहुतेकींनी पुसून टाकलेले — ‘जागा भरते ना फोनची.’ एकीचा फोन नवऱ्यानं बदललेला. एक म्हातारी म्हणाली, माह्याजवळ हाये, आणि आत जाऊन लसीकरणाचं पिवळं कार्ड घेऊन आली. तिला वाटलं, आम्ही आशाताईचं अक्षर शोधतोय. वैशालीनं ते कार्डही नीट पाहिलं, आईची सही पाहिली, आणि म्हणाली, "हो आजी, हेच पायजे होतं."

संध्याकाळपर्यंत सत्तावीस निरोप.

१० ऑगस्ट, रविवार

लोधीखेड्याला दिलेल्या दोन मुली आहेत, त्यांच्याकडे जुने फोन सापडले. एकूण आता त्रेसष्ट.

घरी बसून आठवडाभर ऐकते आहे. डोस, गोळ्या, वजन, बाळंतपणाची गाडी. ‘घाबरू नोको, मी येऊन राहिली.’ ‘जेवली का?’ ‘नाई म्हंजे नाई.’ ‘थांब जरा.’ ‘अव बाई, ऐक ना.’ नवं यंत्र शिकेल एवढं हे भांडवल नाही. मागून कुकरच्या शिट्ट्या, कोंबड्या, मोटारसायकली. पण वाक्यं आहेत. माणसाला दिवसभरात लागतात ती वाक्यं बहुतेक हीच असतात, हे मला माहीत नव्हतं.

एक निरोप सापडला, चुकून गावाच्या ग्रुपवर गेलेला — ‘वैशू, येतानी सांबार आनजो.’ गायत्री सांगते, त्या दिवशी अकरा घरांतून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आल्या होत्या आशाताईकडे.

वैशालीला फोनवरून ऐकवला.  मग "ताई, परत लावा" म्हणाली. पाच वेळा लावला.

१७ ऑगस्ट, रविवार

सौंसरच्या एका रिपेरिंगच्या दुकानात जुनं यंत्र मिळालं. चार वर्षांपूर्वीचं. पडदा कीबोर्डपासून सुटतो, पेन चालतं, दोन बटणं मेलेली. मार्चमध्ये याच मॉडेलबद्दल मी लिहिलं होतं — ‘आता कालबाह्य, घेऊ नये’.

पहिल्यांदाच असलं काही माझ्या हातात. लेखांत मी बिजागरीवर केवढं लिहिते! पडदा काढताना कट्‌ असा आवाज येतो, आणि तळाशी गरम होतं, मांडीला चटका बसतो. हे कोणत्याच बातमीत नव्हतं.

दुकानदारानं विचारलं, "नवं येऊन राहिलं ना म्हने, थांबत काहून नाई?" मी म्हटलं, थांबायचं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची जत्रा. बाहेर पडायचं नाही, बसही नाही. घरीच बसून पडद्यावर चौकोन केले. एका चौकोनावर बोट ठेवलं की एक वाक्य. वाचायला वेळ नको म्हणून चित्रं घातली — ताट, दार, औषध. बाबा मागे उभे राहून पाहत होते. ‘घाबरू नोको’वर कोणतं चित्र घालायचं, हे दोघांनाही सुचलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

नेऊन दिलं.

काकूंनी आधी यंत्र पदरानं पुसलं. पहिलं बोट ‘जेवली का?’वर. स्वतःचा आवाज ऐकून चेहरा हलला नाही, फक्त गळ्यातली शिट्टी थांबली. श्वास धरला होता. मग परत तेच बोट. मग ‘नाई म्हंजे नाई’. मग ‘अव बाई, ऐक ना’ — गायत्रीकडे बघून. गायत्री हसता-हसता रडायला लागली. मग गल्लीतल्या बाया जमल्या, आणि काकू प्रत्येकीला एक वाक्य देत गेल्या, जसं हळदीकुंकू.

चौकोनात नसेल ते पेनानं लिहायचं, यंत्र वाचून दाखवतं. ते त्याच्या स्वतःच्या, तयार आवाजात. काकूंनी लिहिलं — ‘मले पानी दे’. यंत्रातली बाई इतक्या नाजूकपणे ‘मले’ म्हणाली की सगळ्यांच्या माना वळल्या. काकूंनी लिहिलं — ‘ही बाई पुन्याची दिसते. हिले म्हना चहा घेऊन जाय.’ आणि पुण्याच्या बाईनं तेही वाचून दाखवलं! काकूंचे खांदे हलत होते. हसण्याचा आवाज नाही, पण ते हसणंच होतं.

वैशाली बसस्टॉपपर्यंत सोडायला आली.  बस आल्यावर म्हणाली, "तुम्ही केलं ते चांगलंच केलं, ताई. लेकिन तिनं माह्याशी बोललेलं काहीच नाई त्याच्यात. एक सांबार सोडून." आणि वळून गेली.

खरं आहे. घरातल्या माणसाला कोण व्हॉइस मेसेज पाठवतं?

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ते यंत्र आलं. म्हणजे अमेरिकेत दाखवलं. आवाज शिकतं. इंग्रजी, स्पॅनिश, जपानी. हिंदी ‘पुढच्या वर्षी’. मराठीचं नाव नाही.

सागरचा मेसेज — दोन तासांत लेख हवा.

३० ऑगस्ट, शनिवार

लेख दिला. पहिलं वाक्य — ‘हे यंत्र मी पाहिलेलं नाही.’ शेवटी लिहिलं, कोणाला आपल्या माणसाचा आवाज ठेवायचा असेल तर यंत्राची वाट पाहू नका, आजच साध्या फोनात बोलून घ्या. आणि एप्रिलमध्ये मी याच्या उलट लिहिलं होतं, ते चूक होतं.

सागर म्हणाला, पहिलं वाक्य काढ, त्यानं कोणी पुढे वाचणार नाही. मी म्हटलं, मग माझं नावही काढ.

२ सप्टेंबर, मंगळवार

लागला. ते वाक्य शेवटी ढकललंय. पण आहे.

बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, "आता खाली उतरली तू गाडीतून." आणि बगीचा पाहायला निघून गेले.

७ सप्टेंबर, रविवार

बोरगावला गेले होते. वैशाली साखर आणायला दुकानात गेली. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर काकूंनी पडदा कीबोर्डपासून काढला, यंत्राचा आवाज बंद केला आणि पेनानं लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. मग पडदा माझ्याकडे वळवला.

‘नर्सनं मार्चमधीच सांगतलं होतं का फोनात बोलून ठेवा, तेवढं पुरते. मी वैशूले नाई सांगतलं. फोन समोर ठेवून बोलनं म्हंजे मी चालली, असं वाटे. वैशू लॅपटॉप घ्याले निघाली होती. मंग आमच्या आशांच्या ग्रुपवर तुमचा लेख आला. मीच तिले दाखवला. म्हनलं, पाह्य, थांबा लिहिलं हाये. दोन महिने कोनी मले बोल म्हनलं नाई. लय बरे गेले ते दोन महिने.’

मी वर पाहिलं. त्यांनी खाली अजून एक ओळ लिहिली — ‘पोरीले नोका सांगू.’ आणि सगळं पुसलं.

वैशाली आली. रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काय लिहिलं आईनं?"

"जेवून जा म्हणाल्या."

जेवून आले.